नुसते धरलेले पत्ते

आई गेली आणि बाने खिडकी धरली. लोक अंथरूण धरतात, बाने खिडकी धरली, एवढाच काय तो फरक.

पेठ रोडच्या आतल्या अंगाला, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं भाड्याचं घर आहे माझं. घरात मी, आणि उन्हाळ्यात आई गेल्यापासून माझा बा. लग्नाचं विचारू नका, विचारणारे पुष्कळ आहेत. सातपूरला एका कंपनीत मी पगारपत्रकं करते. सुरगाण्याकडच्या आमच्या पाड्यावर मुलगे आणि मुली मिळून पहिली पदवीधर मी. हे मी सांगितलं की लोकांना वाटतं, बढाई मारते. मारतेच. ज्याला खटकत असेल त्याने आमच्या पाड्यावरून शाळेपर्यंत एकदा चालून दाखवावं.

जीपमधून उतरला तेव्हा बा आपली पिशवी आपण उचलत होता. आषाढ संपेपर्यंत त्याची भाकर अर्धी झाली, मग चतकोर, मग नुसता चहा. मी गावाहून नागलीचं पीठ मागवलं, उडदाचं भुजं केलं, आई करायची तसं लसूण ठेचून. बाने एक घास घेतला आणि ताट माझ्याकडे सरकवलं. "तुझ्या आईवाणीच झालंय," म्हणाला. त्यानंतर त्याने भुज्याला हात लावला नाही.

दवाखान्यात सगळं तपासून झालं. डॉक्टरीण बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "आजार काही नाही यांना. मन कशात तरी रमवा. आवड कसली आहे?"

"प्रार्थनेची," मी म्हणाले.

"ती झालीच. आणखी?"

उत्तर मला माहीत होतं. माझ्या बाची आवड पत्ते ही होती, आणि आमच्या घरात तो शब्द दारूच्या बरोबरीने घेतला जायचा.

त्याचं असं आहे. मी लहान असताना भात लावून झालं की पाड्यावर हाताला काम नसायचं. मग घोंगडीवर मेंढीकोट बसायचा. चार माणसं, समोरासमोर भिडू, चार दश्शा ज्यांच्या हाती लागतील त्यांचं राज्य. बाची भिडू आई. पान टाकायच्या आधी आई जिभेने ओठ ओला करायची आणि बा मोठ्याने म्हणायचा, "हिच्याकडं राणी हाय." आई चिडून पानं खाली आपटायची, "तुम्ही भिडू माझे हाय का त्यांचे?" सगळे हसायचे. माझ्या आईला हसताना मी सगळ्यात जास्त पत्त्यांवरच पाहिलं आहे.

पुढे ते दोघं दर वर्षी दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला जायला लागले. मळ्यातल्या झोपड्यांत मेंढीकोट नव्हता. तिथे तीन पत्ती होती, आणि तिच्या मांडीला मांडी लावून बाटली. आमच्या शेळ्या तीन पत्तीत गेल्या. आईच्या पायातले वाळे गेले. एकदा आई त्याच्या मागे अंधारात बांधावरून पळत होती आणि मी तिच्या मागे, एवढं मला आठवतं, बाकीचं मी आठवत नाही.

मग आमच्याकडे प्रार्थनेची माणसं यायला लागली, आणि मी सातवीत असताना आमच्या घराने बाप्तिस्मा घेतला. आदल्या दिवशी बाने पत्त्यांचा कॅट आणला आणि चुलीत घातला. आई भाकर थापत होती. ती म्हणाली, "तीन पत्ती जाळा की. मेंढीकोटनं काय घोडं मारलंय?" पण कॅट एकच होता. दोन्ही खेळ एकदमच जळले.

बा त्यानंतर प्यायला नाही. एकदाही नाही. मी आश्रमशाळेतून कॉलेजला आले, नाशिकला वसतिगृहात राहिले, बी.कॉम. झाले. आणि दर वर्षीच्या मेळाव्यात बा साक्ष द्यायला उभा राहायचा. साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायचं. बाची साक्ष ठरलेली: "मी पत्ते परभूला दिले, परभूनं माझी पोरगी शिकवली." लोक आमेन म्हणायचे. मी मागच्या रांगेत बसून मनात म्हणायची, कॉस्टिंगचा पेपर मी दिला होता, बा.

संध्याकाळच्या प्रार्थनेतही ते वाक्य यायचंच. पाऊस, गुरं, आजारी माणसं, पाड्यावरची भांडणं, सगळ्यांची नावं घेऊन झाली की शेवटी बा म्हणायचा, "परभू, पत्ते मी तुला दिलेत, तू माझ्या पोरीला संभाळ." आमेनच्या आधीचं हेच शेवटचं वाक्य. माझ्या कानाला ते इतकं सवयीचं होतं की त्यात काय म्हटलंय याकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं.

आता गंमत ऐका. आमच्या मंडळीत रविवारी उपासनेनंतर तरुण पोरांचा वर्ग मी घेते, आणि श्रावणात मी त्यांना शिकवत होते तो विषय होता, मोकळा वेळ. विश्वासणाऱ्या माणसाने करमणूक कुठली करावी, कुठली करू नये. मी मोठ्या तयारीने तीन प्रश्न काढले होते. हे करताना येशू शेजारी येऊन बसला तर मला काही लपवावं लागेल का? हे मी सोडू शकतो, की यानेच मला धरलंय? आणि हे करून उठलो की मी माणसांच्या जवळ जातो की लांब?

पोरं चलाख. एकजण म्हणाला, "ताई, क्रिकेट?"

"प्रश्न लाव."

"येशू शेजारी बसला तर त्याला अंपायर करू."

सगळे खिदळले. मग मोबाइलवरचे खेळ निघाले, संक्रांतीचे पतंग निघाले, ढोल पथकात जावं का यावर अर्धा तास गेला. एक मुलगी शेवटी हात वर करून म्हणाली, "ताई, आणि काहीच न करता नुसतं बसणं? ते चालतं का?"

"ती विश्रांती," मी म्हणाले. "ती देवानेच दिलीय."

घरी आले तर बा खिडकीत, सकाळी सोडून गेले होते तसाच. चहावर साय धरलेली. मी दारात उभी राहून माझे तीन प्रश्न त्याला लावून पाहिले. लपवावं लागतं का? नाही. याने त्याला धरलंय का, आणि माणसांपासून लांब नेलंय का, या दोन्हींना उत्तर हो होतं. पण ज्या गोष्टीने धरलंय तिला मी तासाभरापूर्वी विश्रांती म्हणून आले होते. माझा बा माझ्या डोळ्यांपुढे अशा गोष्टीने मरत होता जिला पाप म्हणायची कुणाची तयारी नव्हती.

मी काय काय केलं नाही? टीव्ही आणला. बा टीव्हीकडे पाठ करून बसला. ज्येष्ठांच्या व्यायामाला नेलं, तिथे टाळ्या वाजवून हसायला लावतात, बा म्हणाला, "कशाला हसतात ही माणसं?" आणि परतीच्या वाटेवर दोनदा बसला. गच्चीवर कुंड्या ठेवल्या. त्याला त्या कुंड्यांची कीव आली. "एवढ्याशा मातीत काय लावू बाय? त्या रोपाला तरी काय वाटंल?"

फक्त एका गोष्टीकडे तो बघायचा. खाली कंपाउंडमध्ये पाण्याच्या टाकीचा कट्टा आहे. रोज चारला तिथे चार म्हातारे मेंढीकोट खेळायला बसतात, पैसे नाहीत, चहा नाही, नुसती बोंबाबोंब. ते बसले की बा गजाला कपाळ टेकायचा. एकदा खालून ओरडा झाला, कुणाचीतरी दश्शी मारली गेली होती, आणि मी बघितलं की बाने जिभेने ओठ ओला केला. आईसारखा.

दुसऱ्या दिवशी कंपनीतून येताना मी पत्त्यांचा कॅट विकत घेतला. आयुष्यात पहिल्यांदा. दुकानदाराने विचारलं, "साधा की प्लॅस्टिकचा?" मला काय माहीत. प्लॅस्टिकचा घेतला, जळायला अवघड असेल म्हणून. घरी येऊन तो बाच्या खाटेवर ठेवला. बाने साप पाहिल्यासारखे पाय वर घेतले.

"उचल ते."

"बा, खाली एक माणूस कमी पडला तर..."

"उचल म्हणतो ना."

"पैशांचा खेळ नाही तो. दारू नाही. मेंढीकोट आहे. आई खेळायची तो."

"मी देऊन टाकलेत ते. दिलेली वस्तू माघारी घेत नसतात." मग बा माझ्याकडे बघून म्हणाला, "तुझ्यासाठी दिलेत."

तेव्हा मला त्या रोजच्या वाक्याचा अर्थ लागला. आमच्याकडे पूर्वी डोंगराला कोंबडं बोलायचे. पोर जगू दे, कोंबडं देतो. बाने बाप्तिस्मा घेतला, चांगला मनापासून घेतला, पण देवाशी बोलायची त्याची रीत तीच राहिली. पत्ते दिले, पोर घेतली. पत्त्याला हात लावला की देव पोर माघारी घेणार. पत्त्यांच्या पापाला तो भीत नव्हता. माझ्या जिवाला भीत होता.

"बा, देव सावकार नाही," मी म्हणाले.

"तू लय शिकलीस," बा म्हणाला. "कशावर शिकलीस ते इसरू नको."

हे मला झोंबलं, खोटं कशाला सांगू. पण बाची मनगटं काटकुळी झाली होती, मानेच्या शिरा दिसत होत्या. भांडायला समोर माणूस तर उरायला हवा.

मी पास्टरांकडे गेले. आमचे पास्टर माझ्यापेक्षा लहान आहेत, बायबल कॉलेजमधून शिकून आलेले, मला ताई म्हणतात. मी सलाम केला आणि बसायच्या आधी विचारलं, "पत्ते पाप आहेत का, सरळ सांगा."

"पत्ते कागद आहेत, ताई."

"मग बाला येऊन तसं सांगा."

"सांगेन. पण त्यांचं मन त्याला पाप म्हणत असताना मी त्यांना खेळायला बसवलं, तर त्यांच्यापुरतं ते पापच होईल. मूर्तीपुढच्या मांसाबद्दल शास्त्रात लिहिलंय ना, तसंच हे. ज्याला ते अशुद्ध वाटतं, त्याच्यासाठी ते अशुद्धच."

"म्हणजे खेळला तर पाप लागतं आणि नाही खेळला तर मरतो."

पास्टरांनी कप बशीत फिरवला. "आपण प्रार्थना करू."

"प्रार्थना मी करतेच आहे. दुसरं काहीतरी सांगा."

"मला माहीत नाही, ताई," ते म्हणाले.

बसस्टॉपवर मी रडले. उघड्यावर, ओढणीत तोंड न घालता. एका पोळीभाजीवाल्या बाईने विचारलं, कुणी गेलं का? मी म्हणाले, अजून नाही.

तो कॅट माझ्या पर्समध्येच होता. कट्ट्यावरच्या चौघांत तळमजल्यावरचे काका असत, ओझरच्या कारखान्यातून रिटायर झालेले. त्यांना कंपवात आहे. दोन्ही हात सारखे थरथरतात, त्यामुळे त्यांची पानं समोरच्याला दिसायची आणि त्यावरून रोज वाद. मी कॅट त्यांना देऊन टाकला आणि बाचं सगळं सांगितलं. लाज वगैरे तेव्हा काही उरली नव्हती.

काका बौद्ध. ऐकून म्हणाले, "माझ्या बापानं घरातले सगळे देव पाण्यात सोडले. खंडोबापासून सगळे. मी पाच वर्षांचा होतो. रडलो, मला त्यातला घोडा पायजे होता." मग म्हणाले, "सोडून दिलेल्या वस्तूला परत हात लावायला माणूस घाबरतो गं. मला अजून कुणाच्या घरातल्या त्या घोड्याकडं बघवत नाही. बघू. मी चढतो उद्या वर."

आले दुसऱ्या दिवशी, तीन मजले, प्रत्येक मजल्यावर थांबत. बासमोर बसले आणि दोन्ही हात पुढे केले.

"पाव्हणं, हे बघा."

बाने बघितलं. हात तसे हलताना बघून कुणालाही ते धरावेसे वाटतात.

"मला पानं धरता येत नाहीत. ती दोघं डांबीस माझी पानं बघतात. तुम्ही खेळू नका. नुसते धरा."

"मी पत्त्याला शिवत नाय," बा म्हणाला.

"खेळणार मी. मी हनुवटीनं दाखवीन, तुम्ही ते पान खाली टाकायचं. आंधळ्याला रस्ता पार करून देता ना? तो बाजारात काय घेतो ते विचारता का?"

बाने माझ्याकडे बघितलं. तीन प्रश्न काढणारी, वर्ग घेणारी मी, मला त्याने न्यायाला बसवलं. हे खेळणं की सेवा? मी म्हणाले, "आजारी माणसाला मदत आहे, बा." ते खरं होतं का हे मी तेव्हा तपासलं नाही. बुडत्या माणसाला दोर टाकताना त्याचा पीळ कोण बघतं?

बा गेला. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, मग रोज. काकांच्या बाजूला मांडी घालून बसायचा, पानं पंख्यासारखी धरायचा, चेहरा चर्चमध्ये असतो तसा. काका हनुवटी हलवायचे, बा पान टाकायचा. आठवडाभराने काका चुकीच्या पानाकडे हनुवटी करायला लागले की बाला खोकला यायचा.

"पाव्हणं खोकले," समोरचा ओरडायचा. "धरणाऱ्यानं खोकायचं नाही, हा करार आहे."

"धूळ हाय इथं," बा म्हणायचा.

"धूळ हुकमाच्या टायमालाच कशी उडते?"

मी खिडकीतून ऐकायची. बा वर यायचा, न्हाणीत जायचा आणि कपड्याच्या साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचा. खूप वेळ. बाहेर येऊन भाकर मागायचा. अख्खी भाकर खायचा. आणि भाकर मोडताना, रोज, माझ्याकडे बघून विचारायचा, "बरी हायस ना?"

"बरी आहे."

"कुठं दुखत-खुपत नाय ना?"

"नाही, बा."

म्हणजे खेळ कट्ट्यावर संपत नव्हता. तो रोज माझा जीव डावाला लावून वर यायचा आणि मी शाबूत आहे का ते बघून मग जेवायचा.

दसऱ्यानंतर आमच्या गल्लीत डेंग्यू आला. आधी समोरच्या बिल्डिंगमध्ये, मग आमच्या पहिल्या मजल्यावर, मग काकांच्या नातवाला. एका सकाळी मला अंग मोडून ताप आला. डोळ्यांच्या मागे कुणी अंगठे रुतवत होतं. मी गार पाण्याने तोंड धुतलं, पावडर लावली, गोळी घेतली आणि डबा भरून कामाला गेले. संध्याकाळी बाने विचारलं, बरी हायस ना? बरी आहे म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तेच. गोळ्यांची पाकिटं मी डाळीच्या डब्यात लपवत होते. पोरांना शिकवलेला पहिला प्रश्न मला तेव्हा आठवला, लपवावं लागतं का. बाला काही लपवावं लागत नव्हतं. तो चारचौघांत, उघड्या कट्ट्यावर बसत होता. लपवत मी होते. पण मी आडवी झाले असते तर बा खिडकीत गेला असता, आणि या वेळी तिथून उठला नसता.

तिसऱ्या दिवशी त्याने भाकर मोडता मोडता हात लांब करून माझ्या कपाळाला लावला.

"गरम लागतंय."

"गॅसपुढे उभी होते ना."

"तुझी आईबी असंच म्हणायची," बा म्हणाला, आणि भाकर तशीच ठेवून उठला.

दुसऱ्या दिवशी कंपनीत जिना उतरताना मी पडले. शुद्धीवर आले तेव्हा दवाखान्यात होते, हाताला बाटली लावलेली, आणि बा स्टुलावर. काका त्याला रिक्षाने घेऊन आले होते. रक्तातल्या पेशी उतरत होत्या. नर्स येऊन माझ्या हिरड्यांतून रक्त येतंय का ते बघून जायची. बाने सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, काका सांगून गेले.

"मी हात लावला म्हणून झालं," बा म्हणाला. माझ्याशी नाही, बाटलीशी.

"डास चावला म्हणून झालं, बा. अख्ख्या गल्लीला झालंय. काकांच्या नातवाला झालंय. त्या सगळ्यांच्या बापांनी काय पत्ते जाळले होते?"

"डासबी देवच पाठवतो."

माझं डोकं फुटत होतं. बा स्टुलावर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता, पुन्हा कशाला लागू नयेत म्हणून. मला कळत होतं की मी वाचले तरी हा वाचत नाही. आणि मग मी ते बोलले. आधी ठरवलेलं नव्हतं. एवढंच एक उरलं होतं.

"मग आईला कुणी नेलं?"

बाने मान वर केली.

"आई गेली तेव्हा कुठे हात लावला होतात पत्त्याला? एवढी वर्षं पाळलंत. एकदा नाही चुकलात. तरी गेली ना?"

शेजारच्या खाटेवरच्या बाईने कूस बदलली. बा माझ्याकडे बघत राहिला. शेवटची शेळी गेली त्या दिवशी आई जशी बघत होती, तसा. मग उठला, स्टूल खाटेखाली नीट सरकवलं आणि चालता झाला. मी हाक मारली. त्याने वळून बघितलं नाही.

दुपार कशी गेली ते मला सांगता येणार नाही. नाशिकमध्ये बाला घर, कट्टा आणि चर्च सोडून रस्ता माहीत नाही. मी काकांना फोन लावला, लागला नाही. नर्सला म्हटलं माझे वडील कुठे आहेत बघा, ती म्हणाली तुम्ही हालचाल करू नका. मी पडून राहिले आणि मनात एकच, की मी माझ्या बापाच्या हातातली शेवटची गोष्ट काढून घेतली. खोटी होती. पण त्याच्याकडे दुसरी नव्हती. मी प्रार्थना करायला गेले तर तोंडात काय यावं? प्रभू, बाला सांभाळ, मी तुला... आणि पुढे मी देण्यासारखं काय आहे ते शोधायला लागले. बी.कॉम. झालेली मी. तिथेच थांबले.

भेटायच्या वेळेला बा आला. पायी आला होता, विचारत विचारत. हातात काकूंचा डबा.

"पेज हाय," म्हणाला. "गरम हाय अजून."

"तुम्ही खाल्लं?"

"खाल्लं. त्यांच्याकडंच."

त्याने मला चमच्याने पेज भरवली, मी लहान असताना कधी भरवली नव्हती तशी. डबा पुसून झाकण लावलं. मग म्हणाला, "त्याचे हात लय हालत होते आज. नातवाचा घोर."

"मग?"

"पत्ते धरले मी." त्याने चमचा पुसला आणि म्हणाला, "खोकलो नाय. सरळ सांगितलं, हे पान टाकतो म्हणून."

त्याने हे हसून सांगितलं नाही. त्याच्या तोंडावर कसलंच समाधान नव्हतं. दाराला कुलूप नाही हे कळल्यावर माणूस जसा आत येऊन बसतो, तसा तो बसला होता. मग त्याने माझ्या कपाळावर हात ठेवला. हाताला साबणाचा वास नव्हता.

बाने प्रार्थना सुरू केली, आमच्या डोंगरातल्या बोलीत, हळू. डॉक्टरांसाठी केली, नर्ससाठी, शेजारच्या बाईसाठी. काकांच्या नातवासाठी केली. आईचं नाव घेतलं, जे त्याने ती गेल्यापासून प्रार्थनेत घेतलं नव्हतं. आणि मग ती जागा आली, आमेनच्या आधीची.

बा थांबला.

मी डोळे मिटून वाट बघत होते. ते वाक्य खोटं आहे हे दुपारी मीच त्याला सांगितलं होतं. तरी मी कान लावून होते. ते एक वाक्य सातवीपासून रोज माझ्यावर पांघरलेलं होतं, आणि आता वाटत होतं, बाने म्हणावं, एकदाच, आजच्यापुरतं. बाटलीतला थेंब पडत होता.

"परभू," बा म्हणाला, "पोरीला ताप हाय."

आणि आमेन म्हणाला.